टेलरबाईंची मशीनखरेदी

वेल्डिंगच्या दुकानात आजवर कोणी पर्समधून शिवणाची टेप काढली नव्हती. टेलरबाईंनी काढली. काउंटरवर चार मिग मशीनं मांडली होती, प्रत्येकाला एक लांब केबल आणि केबलच्या टोकाला पिस्तुलासारखी मूठ. या मुठीला टॉर्च म्हणतात, हे बाईंना चारच दिवसांपूर्वी कळलं होतं. त्यांनी पहिल्या टॉर्चच्या दांड्याला टेप गुंडाळली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "साडेचौदा सेंटिमीटर." दुसरीला गुंडाळली. "तेरा." मग त्यांनी आकडीचा छोटा स्प्रिंगकाटा काढून टॉर्च त्याला लटकवली, तेव्हा मात्र दुकानदाराला राहवलं नाही.

"बाई, हिला काय शर्ट शिवणार आहात?"

"वजन बघते."

"वजन काय बघताय? अँपिअर बघा, अँपिअर! वापरणार कोण?"

"आमचे हे."

"मग त्यांनाच पाठवा की."

बाईंनी काटा पर्समध्ये टाकला, वही मिटली आणि त्या पुढच्या दुकानाकडे निघाल्या. "त्यांनाच पाठवा" हे जमण्यासारखं असतं, तर गोष्टच नव्हती.

बाई गेली एकतीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत शिवत होत्या. घराच्या मागे नवऱ्याचं वर्कशॉप होतं: पत्र्याचं छप्पर, लोखंडी शटर, एक पान्ह्यांनी भरलेली भिंत आणि मधोमध टेबल. त्यांचा नवरा म्हणजे अख्ख्या गल्लीचे वेल्डरकाका. या भागातली निम्मी फाटकं, जिने आणि खिडक्यांच्या जाळ्या काकांच्या हातच्या. पुढे शिलाई मशीनची खडखड आणि मागे वेल्डिंगची चरचर, असा त्या घराचा संसार चालला होता. दोन्ही आवाज एकदम थांबले की शेजारी समजायचे, जेवायला बसले.

बाईंना चौकशीची भारी खोड. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा तासभर उभा केला होता, दोर तुटला तर लिफ्ट खाली का पडत नाही हे कळेपर्यंत. फ्रिज गार कसा करतो, डॉक्टर छातीला नळी लावून नक्की काय ऐकतात, विमानाच्या खिडक्यांना कोपरे का नसतात, सगळं त्यांना हवं असायचं. गिऱ्हाईक माप द्यायला यायचं आणि स्वतःच्या धंद्याची सगळी माहिती देऊन जायचं. बिचाऱ्यांना वाटायचं, बाईंचा स्वभाव बोलका आहे. बोलत तर तेच असायचे.

पण एक प्रश्न या बाईने दोन वर्षं विचारला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी काकांनी शटर ओढलं आणि जाहीर केलं की आता गुडघे साथ देत नाहीत. हेच गुडघे रोज सकाळी त्यांना नदीच्या पुलापर्यंत नेऊन परत आणत होते. कोणीही ते बघितलं असतं, पण माणसाने एकदा गुडघ्यांचं नाव घेतलं की लोक मान डोलावतात आणि स्वतःच्या गुडघ्यांवर येतात. बाईंना खरं काय ते भिंतीतून कळलं होतं. वेल्डिंगची ती चरचर आधी सलग यायची. शेवटच्या काही महिन्यांत ती तुटू लागली. चर्र, मग थांबायची, मग काहीतरी आपटल्याचा आवाज, मग काकांची एक कचकचीत शिवी. रॉड चिकटत होता. हातभर लांब रॉड, त्याचं टोक आणि लोखंड यांच्यामध्ये केसाएवढं अंतर ठेवायचं, आणि रॉड जळत जाईल तसा हात खाली न्यायचा. काकांचा हात थरथरू लागला होता. हाताशी थोडं हललं की रॉडच्या टोकाला ते चौपट व्हायचं.

तेव्हापासून काका चारचौघांत उजवा हात खिशात ठेवायचे. चहाचा कप अर्धाच भरून घ्यायचे. बाई पाहायच्या आणि सुईत दोरा ओवायच्या.

हे असंच चाललं असतं. पण कोपऱ्यावरच्या कूलरवाल्याला माल ठेवायला जागा हवी होती आणि त्याने मागचं वर्कशॉप भाड्याने मागितलं. काकांनी क्षणाचाही विचार केला नाही. "महिनाअखेरीला सकाळी ये, किल्ली देतो. हत्यारं भंगारवाल्याला सांगून ठेवलीत." बाई शेजारच्या खोलीत कॉलरला काज करत होत्या. त्यांना ते "भंगारवाला" फार लागलं. त्या पान्ह्यांशिवाय हा माणूस उरलेली वर्षं पेपर वाचत काढणार आणि एक दिवस पेपरही खाली ठेवणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. महिना संपायला बारा दिवस होते.

नेमका दुसऱ्या दिवशी एक गॅरेजवाला जॅकेट घेऊन आला. जॅकेटच्या पोटावर ठिणग्यांची भोकं. बाईंनी भोकं मोजता मोजता विचारलं, "तुम्ही पण रॉडनेच करता का?"

"छे हो बाई, मिग. रॉड नाहीच. टॉर्चचा घोडा दाबला की आतून तार आपोआप येत राहते. अंतर मशीन सांभाळतं. आपण फक्त पुढे सरकत जायचं."

बाईंची सुई थांबली. "म्हणजे माझ्या मशीनसारखंच की! कापड दाते ओढतात, आपण फक्त वळण द्यायचं."

"तसंच म्हणा."

"टॉर्च आणि लोखंडामध्ये किती जागा राहते?"

"बोटभर असेल. टॉर्च अगदी जवळ असते, रॉडसारखी लांबून कसरत नाही."

त्या दिवशी गॅरेजवाल्याला जॅकेट मिळायला बराच उशीर झाला. त्याच्याकडून बाईंनी तारेची जाडी, गॅसचं सिलिंडर, घरचा विजेचा भार, सगळं काढून घेतलं. अजून एक शब्द त्यांना फार आवडला: ड्यूटी सायकल. म्हणजे दहा मिनिटांतली किती मिनिटं मशीन सलग काम करतं आणि किती मिनिटं त्याला दम खायला लागतो. "हे माणसांवर का लिहून येत नाही?" बाई म्हणाल्या.

आता मशीन कोणतं घ्यायचं, हे ठरवायचं तर आधी ज्याच्यासाठी घ्यायचं त्याचं माप घ्यायला हवं. टेलरच्या डोक्यात दुसरं येणार काय? पण थरथरीचं माप घ्यायचं कसं, तेही त्या माणसाला ताकास तूर लागू न देता? बाईंनी टेबलावर जुनी चादर अंथरली, खडू काकांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "अहो, माझा अंगठा दुखतोय. या कडेला कोपर टेकून एक सरळ रेघ मारा, आणि त्या लांबच्या कडेला हात ताणून एक." काकांनी कुरकुर केली पण मारली. ते फिरायला गेल्यावर बाईंनी फूटपट्टी लावून त्या रेघा मोजल्या. गिऱ्हाइकांच्या वहीत काकांचं पान होतंच: छाती, कंबर, बाही. त्याखाली त्यांनी लिहिलं: थरथर, कोपर टेकून दोन मिलिमीटर, हात अधांतरी, आठ.

मग त्यांनी नणंदेला फोन लावला. नणंद निवृत्त नर्स.

"वहिनी, आमच्या वडिलांचाही हात असाच हलायचा," नणंद म्हणाली. "जिवाला धोका नाही. पण दादाला एकदा डॉक्टरांकडे ने."

"ते येणार नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात ना," बाई म्हणाल्या. दोघी हसल्या.

तर बाईंचा हिशेब सरळ होता. ज्याचा हात कापतो त्याला हलकी वस्तू द्यावी. चहाचा भरलेला कप डचमळतो, अर्धा डचमळत नाही. म्हणून स्प्रिंगकाटा. पहिल्या दुकानदाराने त्यांना अँपिअर सांगितले होते, वजन नाही. दुसऱ्या दुकानात मालकाची सून बसली होती. ती मात्र टेप बघून हसली नाही. उलट टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

"काकू, लोखंड किती जाडीचं?"

"खिडकीच्या जाळ्या, छोटी फाटकं. दोन-तीन मिलिमीटर."

"जागा उघडी आहे का? वारा येतो?"

"शटर अर्धं ओढलं तर नाही येत."

"मग गॅसवालं चालेल, वारा नसला की गॅस उडून जात नाही. बिनगॅसचं पण मिळतं, पण धूर आणि ठिणग्या जास्त. तुम्ही स्वतः चालवून बघता?"

असं विचारलं गेल्यावर बाई नाही म्हणणार? सुनेने त्यांना मागच्या अंगणात नेलं, डोक्यावर मुखवटा चढवला, हातात मोजे दिले आणि दोन पट्ट्या समोर ठेवल्या. बाईंनी घोडा दाबला. काचेमागे हिरवा उजेड फुटला आणि त्यात एक थेंबभर लोखंड पाण्यासारखं हलताना दिसलं. बाईंनी घाबरून घोडा सोडला, मग लगेच परत दाबला. इतकी वर्षं जे भिंतीपलीकडून ऐकलं, ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होतं. हा माणूस रोज हे बघत होता आणि दोन वर्षं ते त्याला बघायला मिळालं नव्हतं! मुखवट्याच्या आत बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पुसायला हातच नेता येईना.

टाका मात्र त्यांनी फारच वाईट घातला. "कच्चा टाका," त्या म्हणाल्या, "पण उसवणार नाही." सर्वांत हलक्या टॉर्चचं सर्वांत छोटं मशीन सांगून, वहीत टिंब करून त्या घरी आल्या. आपल्यासारखी शहाणी आपणच, असं त्यांना बसमध्ये वाटलंही.

तिसऱ्या दिवशी एका हॉटेलचे पडदे कापायचे होते. कापड जाडजूड, आणि बाईंचा अंगठा खरंच सुजला होता. (खोटं दुखणं सांगितलं की ते असं खरं होऊन येतं.) काका शेजारी पेपर वाचत बसले होते. ते उठले, बाईंची मोठी लोखंडी कात्री उचलली आणि खडूच्या खुणेवरून कापत सुटले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ. बाईंनी कड हातात धरून बघितली. कुठेही दाता नाही.

हलका खडू हलत होता आणि जड कात्री हलत नव्हती.

बाईंच्या डोक्यात चक्र सुरू झालं. कात्रीचं खालचं पातं टेबलावर टेकलेलं असतं, म्हणजे कदाचित टेबलाचा गुण असेल. खात्री करायला हवी. त्यांनी माळ्यावरची जुनी, खलबत्त्यासारखी जड इस्त्री काढली. "अहो, ही जरा अशी हवेत धरा, मला तळ पुसायचाय." इस्त्री हवेत जवळपास स्थिर. "आता ही रिकामी कपबशी धरा." कप बशीवर टकटकायला लागला. "आता हा हातोडा." हातोडा ठीक. "आता ही सुईची डबी."

"अगं, सकाळपासून मला जड-हलकं काय धरायला लावतेस? रद्दीत काढायचंय का मला?"

"माळा आवरतेय," बाई म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन वहीत आधीचं टिंब खोडलं. त्यांचं सगळंच गणित उलटं निघालं होतं, आणि त्यांना त्याचा इतका आनंद झाला होता की त्या एकट्याच हसत उभ्या राहिल्या.

दुकानातल्या सुनेने यादी परत उघडली. "काकू, जड टॉर्च? लोक आमच्याशी भांडतात, टॉर्च जड आहे म्हणून."

"मला भांडायचं नाही. तुमच्याकडची सर्वांत जड दाखवा."

"ती कारखान्यातली. तुम्ही सांगून ठेवलेल्या मशीनला बसणार नाही, त्याची टॉर्च आतूनच जोडलेली आहे. काढता येत नाही."

"मग काढता येते असं मशीन?"

सुनेने थोडा विचार करून मागच्या फळीवरचं एक मशीन पुढे ओढलं. घरच्या विजेवर चालणारं, तारेचं मोठं रीळ मावणारं, आणि पुढे पितळी आट्यांची जोडणी, जिला हवी ती टॉर्च लावता येते. कारखान्याची टॉर्च स्प्रिंगकाट्याला लटकवल्यावर काटा तळाशी गेला. बाईंनी ती हातात धरली, मनगट फिरवून पाहिलं आणि दांड्याला टेप लावली. पावणेसोळा. काकांच्या मुठीचं माप त्यांना पाठ होतं, हातमोज्यांसाठी घेतलेलं. "अंगासरशी बसेल," त्या म्हणाल्या.

महिनाअखेरीला सकाळी काका पुलाकडे गेले आणि टेम्पो दारात आला. विजेची वेगळी लाईन बाईंनी आधीच ओढून घेतली होती. नव्या इस्त्रीसाठी, असं सांगून. काका परतले तेव्हा शटर अर्धं वर होतं आणि टेबलाशेजारी नवं मशीन, सिलिंडर आणि कमरेवर हात ठेवलेली बायको.

"हे काय?"

"मिग."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"तुम्हाला."

"मी सोडलंय ते सगळं. माझे गुडघे..."

"गुडघे की हात?" बाईंनी विचारलं. दोन वर्षं अडलेला प्रश्न तीन शब्दांत संपला.

काकांनी मशीनकडे बघितलं. मग म्हणाले, "हात." आणि लगेच, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"रॉड चिकटायचा तो ऐकू यायचा. पण तुम्हाला वाटत होतं, मला काही कळत नाही."

"असं कोण म्हणालं? तू माझ्या शर्टांची बटणं बदललीस तेव्हाच मला कळलं, की तुला कळलंय."

बाईंनी एकेक शर्ट, महिन्याला एक, असा बेताने हाती घेतला होता. छोटी बटणं काढून मोठी, काजं जराशी सैल. आपल्या कामाची सफाई अशी, की कोणाला पत्ता लागणार नाही, अशी त्यांची समजूत होती.

"मग बोलला का नाहीत?"

"बटणं लावता यायला लागली होती. म्हटलं, कशाला बोलायचं?" काका बाईंकडे वळले. "आणि तू? लिफ्टवाल्याला तासभर पिडतेस. मला एक विचारता आलं नाही?"

"उत्तराची भीती वाटायची," बाई म्हणाल्या. "तुम्ही 'आता संपलं' म्हणाला असतात तर मी काय केलं असतं?"

काका मशीनजवळ गेले, तारेचं रीळ बघितलं, खुंट्या फिरवल्या, नाक मुरडलं. चाळीस वर्षं रॉड धरलेल्या माणसाने मिगपुढे नाक मुरडलंच पाहिजे. मग त्यांनी टॉर्च उचलली. "किती जड आहे ही! कोणी गळ्यात मारली?"

"मीच निवडली. आधी चालवा, मग नावं ठेवा."

दोन पट्ट्या टेबलावर ठेवल्या. काकांनी मुखवटा घेतला, बाईंनी दुसरा. घोडा दाबला, चरचर सुरू झाली, आणि तीन सेकंदांत टॉर्चचं तोंड धाडकन लोखंडावर आपटलं. तार वितळून टोकाला गुठळी झाली. काकांनी ती पकडीने उडवली आणि परत सुरू केलं. परत धाडकन. आपलं सगळं मोजमाप पाण्यात गेलं, असंच बाईंना वाटलं.

पण काकांनी मुखवटा वर केला तेव्हा ते हसत होते.

"अगं, हा हात हलत नाहीये. हा खाली जातोय! रॉड संपत जातो तसा हात खाली न्यायची सवय. इथे काही संपतच नाही, तार येतच राहते. आणि मी मूर्खासारखा पाठलाग करतोय."

म्हणजे चूक दुखण्याची नव्हती, चाळीस वर्षांच्या कसबाची होती. बाईंना इतकं हायसं वाटलं की त्या स्टुलावर बसल्याच. सवय मोडता येते. त्यांनी पायाचं मशीन सोडून विजेचं घेतलं तेव्हा महिनाभर पाय हवेतच चालत होते.

तिसऱ्या वेळी काकांनी डाव्या हाताने टॉर्चला खालून आधार दिला, कोपर टेबलावर रोवलं आणि सुरुवात केली. या वेळी चरचर तुटली नाही. सलग, एकसारखी, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकाकडे सरकत गेली. बाईंनी मुखवट्यातून बघायचं सोडून डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं.

तेवढ्यात शटरखालून कूलरवाला वाकून आत आला. "काका, किल्लीसाठी आलो होतो."

"डोळे झाक आधी!" काका मुखवट्यातून ओरडले. त्याने घाईघाईने तोंड फिरवलं आणि काकांनी हात न थांबवता पट्टीचं टोक गाठलं. मग त्यांनी मुखवटा वर केला, टाक्यावर फुंकर मारली आणि तो तिरका धरून निरखला. मध्ये दोन ठिकाणी तो फुगला होता. फाटकाला चालला असता.

"किल्ली नाही देता येणार रे," ते म्हणाले. "मला लागणार आहे. गुडघ्यांचं मी सगळ्यांना खोटंच सांगत होतो. माझा हात हलतो, म्हणून बंद केलं होतं."

कूलरवाला गोंधळून बाईंकडे बघायला लागला. काकांनी दुसऱ्या दोन पट्ट्या टेबलावर घेतल्या आणि त्याला म्हणाले, "उभं राहायचं असेल तर तिच्याकडचा मुखवटा घे."